गाडीतला नकाशा आणि आपले विदर्भातले रस्ते : या चुका टाळा

नवी गाडी घरी आली की लोक पहिल्याच दिवशी गाणी लावून पाहतात, एसी पाहतात, सनरूफ उघडून पोरांना उभं करतात. नेव्हिगेशन मात्र थेट लग्नाला निघाल्यावर चौकात सुरू करतात, मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत असताना. मग मला फोन येतो. तालुक्याच्या गावी माझा ड्रायव्हिंग क्लास आहे. क्लच-गिअर शिकवायचे मी पैसे घेतो, स्क्रीनची शिकवणी फुकट द्यावी लागते, तीही फोनवर आणि भडकलेल्या माणसाला. चुका दरवेळी त्याच असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कोणता नकाशा चालू आहे, हेच माहीत नसणं

अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. गाडीच्या स्क्रीनवर दोन प्रकारचे नकाशे दिसू शकतात. एक गाडीचा स्वतःचा. तो गाडीच्या मेमरीत किंवा एसडी कार्डात असतो आणि त्याला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. दुसरा तुमच्या फोनमधला, जो अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेमधून स्क्रीनवर येतो. त्याला ट्रॅफिक समजतं, नवे रस्ते लवकर समजतात, पण नेट गेलं आणि तुम्ही मधेच रस्ता बदलला की तो अडखळतो. परतवाड्याहून सेमाडोहकडे घाट चढायला लागलात की नेटवर्क जातं आणि लोक ओरडतात, "जीपीएस बंद पडलं!" जीपीएस बंद पडत नाही हो. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून आपलं काम करत असतात, तुमचा रिचार्ज संपलाय की नाही हे त्यांना ठाऊक नसतं. अशा जागी गाडीचाच नकाशा कामाचा.

दोन्ही एकदम लावू नका. एक बाई म्हणते डावीकडे वळा, दुसरी म्हणते सरळ जा, आणि मागच्या सीटवरची सासू तिसरंच सांगते.

यादीतलं पहिलं नाव दाबणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण ती पाच सेकंद वाचवण्यासाठी केली जाते.

आपल्याकडे एका नावाचं एकच गाव असेल अशा भ्रमात राहू नका. चांदूर म्हटलं तर एकट्या अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे वेगळं, चांदूर बाजार वेगळं. नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वर, दोन्ही तिथलीच. धामणगाव रेल्वे अमरावतीत, धामणगाव बढे बुलडाण्यात. मंगरूळपीर वाशिमचं, मंगरूळ दस्तगीर अमरावतीचं. गजानन महाराजांचं शेगाव बुलडाणा जिल्ह्यात, पण वरोरा तालुक्यातही एक शेगाव आहे. यवतमाळची वणी आणि नाशिकची वणी ही तर जुनीच गंमत. बुद्रुक-खुर्द, पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, हिवरा यांची मी मोजदादच करत नाही.

आमच्या क्लासला शिकून गेलेल्या एका पोराने आईवडिलांना नागपूरहून कारंज्याला न्यायचं ठरवलं. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुमंदिर, आरतीला पोचायचं म्हणून पहाटे निघाले. पठ्ठ्याने स्क्रीनवर कारंजा टाइप केलं, यादी आली, पहिलं नाव दाबलं. यंत्राने प्रामाणिकपणे सर्वांत जवळचं कारंजा वर दाखवलं होतं, म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे. ते अमरावतीच्या हायवेवर, नागपूरपासून दीड तासाच्या आतबाहेर. वडील म्हणाले, "लवकर आलो बाप्पा यावर्षी." गाडी गावात फिरवली, मंदिर काही दिसेना. शेवटी पानठेल्यावर विचारलं. पानठेलेवाला हसला, म्हणाला, "काकाजी, तुमाले लाडाचं कारंजा पायजे. थे वाशिमात हाय. हे घाडग्याचं कारंजा." दोन्हींत सव्वाशे किलोमीटरहून जास्त अंतर. आरती गेली. वडिलांनी परतीच्या अख्ख्या रस्त्यात मुलाशी काय बोलणं केलं ते मी इथे लिहू शकत नाही, पण दुसऱ्या दिवशी मुलाने मला फोन करून विचारलं की गाडीचं नेव्हिगेशन खराब आहे का, कंपनीत दाखवू का.

अरे, यादीत नावाखाली बारीक अक्षरात जिल्हा लिहिलेला होता!

माझी सवय सांगतो. मी गावाचं नाव कधीच एकटं टाकत नाही. आधी जिल्हा किंवा तालुका निवडतो, मग गाव. मार्ग तयार झाला की लगेच 'सुरू' दाबत नाही. एकूण किलोमीटर बघतो आणि ते मनातल्या अंदाजाशी जुळतात का ते बघतो. मग नकाशा लहान करून अख्खी रेघ एकदा नजरेखालून घालतो, वाटेत कोणती मोठी गावं लागतात ते वाचतो. नागपूर ते लाडाच्या कारंज्याला जाताना रेघ जर दीड बोटात संपत असेल तर काहीतरी चुकलंय, हे कळायला अभियंता असावं लागत नाही.

नाव सापडतच नसेल तर इंग्रजी स्पेलिंग बदलून बघा. व-ला कधी डब्ल्यू असतो, कधी व्ही. सेलूचा शेवट एका नकाशात यूने होतो, दुसऱ्यात दोन ओ लावून.

ताडोब्याचीही हीच तऱ्हा. नुसतं ताडोबा टाकलं की रेघ जंगलाच्या पोटात कुठेतरी जाऊन थांबते. तुमचं सफारीचं बुकिंग ठरावीक गेटचं असतं. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूने, कोलारा चिमूरच्या बाजूने, आणि चुकीच्या गेटवर पोचलात तर बाहेरून मोठा वळसा. गेटचं नाव टाका. त्यातही नवेगाव गेट टाकताना जपून, नाहीतर गाडी गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधला निघेल.

'सर्वांत जवळचा मार्ग' लावून ठेवणं

सेटिंगमध्ये मार्गाचे पर्याय असतात : सर्वांत जलद, सर्वांत जवळचा, टोल टाळा, कच्चे रस्ते टाळा. नवशिक्या माणसाला जवळचा हा शब्द फार गोड वाटतो. पेट्रोल वाचेल म्हणतो. आपल्याकडे जवळचा मार्ग म्हणजे बहुतेकदा पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची बैलगाडीवाट, आणि पावसाळ्यात पांदण हा रस्ता नसतोच.

आमच्या शेजाऱ्यांचे जावई पुण्याहून पोळ्याला आले. घाटंजीकडचं गाव, नवीकोरी गाडी, स्क्रीन चांगली हातभर. डांबरी रस्त्याने वळसा पडतो, पांदणीने निम्मं अंतर. यंत्राने निम्मंच दाखवलं, कारण त्याला तसंच सांगून ठेवलं होतं. नकाशात डांबरी रेघ पांढरी आणि पांदणीची रेघही पांढरीच. आदल्या रात्री पाऊस झालेला. पहिले दोनेकशे मीटर गवत होतं म्हणून गाडी गेली. पुढे काळी माती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : ओली झाली की ती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो, मग जितका ॲक्सिलरेटर द्याल तितकं चाक खाली. जावईबापूंनी भरपूर दिला. गाडी पोटावर बसली.

आता गंमत बघा. एरवी कोणीही बैलजोडी आणून गाडी ओढून दिली असती. पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैल धुऊन, रंगवून, झुली घालून तोरणाखाली उभे राहायचे होते. कोणाच्या तोंडून शब्द निघेना. ट्रॅक्टर होता, त्याचा मालक जेवायला बसलेला. जावईबापू पांढऱ्या कुर्त्यात गुडघाभर चिखल घेऊन चालत सासरी पोचले. मी दोर घेऊन गेलो तेव्हा ट्रॅक्टरवाला गाडीकडे बघत विचारत होता, "जावईबापू, डांबरी सोडून इकून कावून आले जी?"

"मॅपनं सांगितलं."

"मॅपले इचारा मंग, आता काढ म्हणा."

गाडी निघाली संध्याकाळी, समोरचा बंपर तिथेच राहिला.

उपाय दोन मिनिटांचा आहे. सेटिंगमध्ये जाऊन 'सर्वांत जलद' निवडा आणि 'कच्चे रस्ते टाळा' चालू करा. हे गाडी घेतली त्या दिवशीच करायचं काम. पण यावरही विसंबू नका, कारण कोणता रस्ता कच्चा हे नकाशा बनवणाऱ्याच्या नोंदीवर असतं आणि पांदणींच्या बाबतीत त्या नोंदी फार भरवशाच्या नसतात. जून ते सप्टेंबर मी शेवटचे दहा किलोमीटर यंत्राला विचारतच नाही. फाट्यावर काच खाली करतो, पानठेल्यावर किंवा एसटीच्या थांब्यावर विचारतो. "रपट्यावर पाणी हाय का?" (रपटा म्हणजे नाल्यावरचा बसका पूल) हा प्रश्न कोणत्याही स्क्रीनला विचारता येत नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे जायचा मार्ग हिरवा दिसतोय की लाल, याला काही अर्थ नाही. थांबायचं. लोकांना यात कमीपणा का वाटतो मला कळत नाही. तीस लाखांची गाडी असली म्हणून रस्ता विचारू नये असं कुठे लिहिलंय?

जुना नकाशा

समृद्धी महामार्गावर गाडी धावतेय आणि स्क्रीनवरचा बाण तुरीच्या वावरातून चाललाय, असा फोन मला येतच असतो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. त्याआधीची गाडी घेतलीत आणि नकाशा कधी अद्ययावत केला नाही, तर त्या यंत्राच्या जगात हा ७०१ किलोमीटरचा रस्ता नाहीच. ते बिचारं 'यू टर्न घ्या, यू टर्न घ्या' करत राहतं, आणि असे महाभाग आहेत जे हे ऐकून गाडीचा वेग कमी करतात. १२० च्या रस्त्यावर! समृद्धीवर चढणं-उतरणं फक्त इंटरचेंजवर. एक चुकला तर निमूट पुढच्याला उतरा, रिव्हर्स घेऊ नका.

नकाशा किती जुना आहे ते ओळखायची माझी खूण : नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ४४ लिहिलंय की ७? अमरावतीच्या रस्त्यावर ५३ की ६? जुने आकडे दिसले तर त्या नकाशाला नमस्कार करा.

अद्ययावत कसं करायचं हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पेनड्राइव्हने, एसडी कार्डाने किंवा नेटवरून. पुस्तक वाचा. निघायच्या सकाळी करू नका, काही गाड्यांत बराच वेळ लागतो आणि मधेच इग्निशन बंद केलं तर अर्धवट राहतं. आणि ते एसडी कार्ड काढून त्यात गाणी भरू नका. काही गाड्यांत कार्ड त्याच यंत्राशी बांधलेलं असतं, फॉरमॅट केलं की नकाशा गेला.

लोकेशनचे आकडे उलटसुलट टाकणं

शेताला पत्ता नसतो, म्हणून अक्षांश-रेखांश टाकायचे. आधी अक्षांश, मग रेखांश. विदर्भात पहिला आकडा १८ ते २१ च्या घरात, दुसरा ७५ ते ८० च्या घरात. उलट टाकलं तर ती जागा नॉर्वेच्याही वर आर्क्टिक समुद्रात निघते आणि यंत्र सापडत नाही म्हणतं, तेवढं बरं.

खरी फसगत दशांशाची. फोनवर यवतमाळ २०.३९ असं येतं. काही गाड्या अंश-मिनिटं मागतात आणि लोक २० अंश ३९ मिनिटं टाकून मोकळे होतात. २०.३९ म्हणजे २० अंश आणि साधारण २३ मिनिटं. एका मिनिटाला पावणेदोन किलोमीटरच्या वर अंतर धरा, म्हणजे तुम्ही जवळपास ३० किलोमीटर उत्तरेला, बाभूळगावच्या बाजूला पोचलात. दशांश भागाला, म्हणजे इथे ०.३९ ला, साठने गुणा, मिनिटं मिळतील. मी तर एकदा त्या जागेवर गेलो की तिथे उभं राहूनच ती 'आवडत्या जागां'त साठवून ठेवतो. पुन्हा आकड्यांची कटकट नको.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या

टिनाच्या शेडमध्ये उभ्या गाडीत बाण भलतीकडे दिसतो. बाहेर मोकळ्या आभाळाखाली दोन मिनिटं उभे राहा, मग निघा.

आवाज येत नाही? नेव्हिगेशनचा आवाज बऱ्याच गाड्यांत गाण्यांपेक्षा वेगळा असतो. बाई बोलत असतानाच बटण फिरवा.

पोचायची वेळ खरी मानू नका. कापसाच्या दिवसांत बैलबंड्या आणि ट्रॉल्यांच्या मागे तासभर कसा जातो ते यंत्राला माहीत नाही.

गाडी चालू असताना कीबोर्ड उघडत नाही, म्हणून बाहेरून बसवलेल्या स्क्रीनची हँडब्रेकची वायर परस्पर जोडून, हँडब्रेक ओढलेलाच आहे असं तिला भासवणारे आहेत. हे काम मी सांगणार नाही आणि माझ्यासमोर कोणी करून घेतलेलं चालणारही नाही. कडेला थांबा, टाइप करा.

आणि सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधी 'घर' कोणाचं आहे ते तपासा. एका गुरुजींनी नागपूरहून गाडी आणली, 'घर' दाबलं आणि पार नागपुरातल्या मानेवाड्यात आधीच्या मालकाच्या दारात जाऊन उभे राहिले. गाडी विकतानाही हेच : जतन केलेले पत्ते आणि जोडलेले फोन पुसून, फॅक्टरी रीसेट मारूनच चावी द्या. मी माझ्या गाडीत 'घर' म्हणून घराजवळचा चौक ठेवलाय, दार नाही.