मोडक्या छत्रीचं मखर

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमचं मखर पुठ्ठ्याचं. मागच्या वर्षी मात्र फजिती झाली. फ्रिजच्या खोक्याची कमान मैद्याच्या खळीनं चिकटवली होती. भाद्रपदातली दमट हवा, त्यात समई शेजारीच. तिसऱ्या दिवशी कमान पुढे वाकली आणि खळीवर हिरवट बुरशी आली. आईचं म्हणणं, खळीत मोरचूद घालायला हवा होता. पण तो विषारी, आणि घरात लहान मूल. नकोच.

यंदा पुण्याच्या जुन्या बाजारात (मंगळवार पेठेतला, बुधवार-रविवारचा) एक लांब दांड्याची छत्री मिळाली. कापड फाटलेलं, पण आठही काड्या शाबूत. घडीची छत्री घेऊ नका, तिच्या काड्या सांध्यात लचकतात. कापड उसवलं, पण फेकलं नाही: त्याचा एक तुकडा कागदावर ठेवून माप काढलं आणि आजीच्या विरलेल्या इरकलीतून तसेच आठ तुकडे कापले. अंगाची वीण गेली होती, काठ मात्र अजून टणक. ते खाली झालरीला लावले. गोंद अजिबात नाही, सगळं सुईदोऱ्यानं. गंजलेल्या काड्यांना आधी पॉलिश पेपर मारला, नाहीतर डाग उमटतात.

दांडा झोपाळ्याच्या कडीला उलटा बांधायचा, ही युक्ती नवऱ्याची. चुकीची. उघडी छत्री वाडग्यासारखी दिसायला लागली! शेवटी दांडा करवतीनं कापला आणि छत्रीच्या वरच्या टोकाला तार बांधून ती सुलट टांगली. समई दोन हात लांब.

विसर्जनानंतर छत्री मिटली आणि माळ्यावर टाकली.