स्पिनरचे रिव्हेट ढिले झालेत का?

घरी बांधलेल्या विमानाच्या स्पिनरवर (पुढच्या पंख्याच्या मध्यावरची टोकदार टोपी) रिव्हेटच्या डोक्याभोवती काजळासारखा डाग दिसला, तर तो नुसता मळ समजू नका. ढिला रिव्हेट भोकात घासतो, ॲल्युमिनियमची काळपट पूड बाहेर येते. कराडच्या धावपट्टीवर माती उडतेच, त्यामुळे शंका खरी की खोटी ते असं ताडा: डाग पुसा, इंजिन चालवा, थंड झाल्यावर पुन्हा बघा. त्याच रिव्हेटभोवती डाग परत आला, की तो हलतोय. नखाने डोकं दाबून पाहा, पण हाताला घट्ट लागला म्हणून सोडू नका.

पंख्याला किंवा स्पिनरला हात लावण्याआधी मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद आणि प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग बाहेर. तरी पंख्याच्या फेऱ्यात उभं राहू नका.

मग स्पिनर उतरवून मागची प्लेट भिंगाने तपासा. भोक लांबट झालंय, कडेला तडा आहे? तो ढिला का झाला हे न शोधता रिव्हेट नवा ठोकण्याची घाई इथेच नडते. स्पिनर बसवून टोकाजवळ काडी रोवा आणि पंखा हाताने सावकाश फिरवा. टोक डुगडुगलं, तर मूळ दोष बहुधा रिव्हेटचा नाही, स्पिनर वाकडा बसलाय. तसं नसेल, तर पंख्याचा समतोल तपासून घ्या. तडा गेलेली प्लेट मात्र बदलायचीच.