‘फॅरनहाइट ४५१’मधला मॉन्टॅग: त्याच्या बदलावर निबंध कसा लिहावा

रे ब्रॅडबरी यांच्या या कादंबरीवर (१९५३) लिहिताना बरेच विद्यार्थी कथानकच सांगत बसतात: पुस्तकांवर बंदी असलेल्या जगात पुस्तकं जाळणारा फायरमन गाय मॉन्टॅग शेवटी पुस्तकं जपणाऱ्यांना मिळतो. ही नुसती दोन टोकं झाली. निबंधाचा विषय मधल्या पायऱ्या आहेत.

दुसऱ्या वाचनाला दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. एकीने मॉन्टॅगच्या कृतीखाली रेघ ओढा, दुसरीने त्याच्या विचारांखाली. पहिल्या भागात कृती बहुतेकदा पुढे आणि समज मागे राहते. एका म्हातारीच्या घरी पुस्तकं जाळायला गेल्यावर त्यातलं एक लपवतो तो त्याचा हात. हाताला जणू स्वतःचं डोकं आहे, असं ब्रॅडबरी लिहितात. त्याचा वरिष्ठ, कॅप्टन बीटी, याला जाळतानाही हातांचा उल्लेख येतोच. ८०० शब्दांच्या निबंधात या हातांना २५० शब्द द्या, कारण बदल शरीरात आधी कसा शिरतो, हे इथेच दाखवता येतं.

सगळं श्रेय शेजारच्या क्लॅरिस या मुलीला देणं ही नेहमीची चूक. ‘तुम्ही सुखी आहात का?’ हा तिचा प्रश्न मोठाच आहे, पण त्याच रात्री मॉन्टॅग घरातल्या झरोक्याच्या जाळीकडे बघतो. तिथे आधीच काहीतरी दडवलेलं आहे! पुढे तिथूनच वीसेक पुस्तकं निघतात. निवृत्त प्राध्यापक फेबरही त्याला वर्षभरापूर्वी बागेत भेटलेला असतो. म्हणून ‘क्लॅरिसने त्याला बदललं’ असं न लिहिता ‘आत दडपलेलं तिने वर आणलं’ असं लिहा. याला १५० शब्द पुरेत.

कादंबरीच्या दुसऱ्या भागात घाई करू नका. फेबरचं बोलणं ऐकवणारं यंत्र कानात घालून मॉन्टॅग त्याच्या सांगण्याप्रमाणे वागतो, आणि आपण अजून स्वतः विचार करत नाही, फक्त बाजू बदलली आहे, हे त्याच्याच लक्षात येतं. फार मोलाची जागा आहे ही. ती वगळली, तर तो अर्ध्या वाटेवरच मुक्त झाल्यासारखा वाटतो. फेबरच्या तीन अटी (पुस्तकातला कस, निवांतपणा, त्यावर कृती करण्याचा हक्क) पाठ लिहू नका. तिसरी मॉन्टॅगने कुठे वापरली ते दाखवा.

मॉन्टॅगची बायको मिल्ड्रेड, हिच्यावर चारच वाक्यं लिहा, पण नेमकी. तिला चौथी टीव्ही-भिंत हवी आहे: किंमत २,००० डॉलर, म्हणजे मॉन्टॅगच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. घरात पुस्तकं असल्याची तक्रार करणारीही तीच.

मग आगीकडे या. कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात जाळण्याचं सुख आहे. स्वतःचं घर जाळतानाही त्याला ते मिळतं, हे टाळू नका. बदल सरळ रेषेत होत नाही, याचा हाच पुरावा. शहरातून पळून गेल्यावर नदीपलीकडे मात्र त्याला ऊब देणारी आग दिसते.

बीटीचा खून हा शिखरबिंदू मानून निबंध तिथे संपवू नका. शेवटच्या परिच्छेदात शहर नष्ट झाल्यानंतरची वाटचाल घ्या: मॉन्टॅग पुढे आहे, पुस्तकं जपणारे बाकीचे मागे, आणि इतरांना काय सांगायचं ते तो बायबलमधल्या आठवलेल्या ओळींत शोधतो आहे.