प्रश्न कॅबिनमधून चॅनेलवर कसा आणायचा: मोठ्या कंपनीत सोशल सॉफ्टवेअर रुजवताना

चाकणला एक प्लांट, वाळूजला दुसरा, सातपूरला तिसरा आणि पुण्यात हेड ऑफिस. अशा कंपन्यांमध्ये मी गेली बारा वर्षं एकच काम करते आहे: लोकांना एकमेकांशी बोलतं करणारं सॉफ्टवेअर बसवणं आणि ते वापरात आणणं. या विषयावरचे बहुतेक सल्ले कुठलं टूल घ्यावं इथे सुरू होतात आणि लाँचच्या केकपाशी संपतात. लायसन्स, लॉगिन, फायरवॉल हे तुमच्या आयटीवाल्यांना येतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. खरी परीक्षा लाँचनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात असते. तेव्हा पोस्टर उतरलेली असतात आणि लोक पुन्हा एकमेकांना फोन लावू लागतात.

टूल

कंपनी ज्याचे पैसे आधीच भरते आहे, ते घ्या. मायक्रोसॉफ्टचं लायसन्स असेल तर टीम्स बहुधा हाताशी असतंच. स्लॅक असेल तर स्लॅक. तुलनेचे तक्ते करण्यात तीन महिने गेलेले मी पाहिलेत. ते तीन महिने परत मिळत नाहीत.

एक दुखणं निवडा

'सहकार्य वाढवणे' हे उद्दिष्ट घेऊन कुणीही लॉगिन करत नाही. रात्रपाळीत प्रेस बंद पडली आणि मेंटेनन्सच्या माणसाला कुणाला विचारावं कळत नाही, हे दुखणं आहे. एकाच ग्राहकाच्या ड्रॉइंगची जुनी आवृत्ती दोन प्लांटमध्ये वापरली जाते, हेही दुखणं आहे. असं एकच धरा आणि सहा महिने सोडू नका.

मला या बाबतीत झेरॉक्स कंपनीचं उदाहरण सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरून पाहिलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की अवघड बिघाड मॅन्युअल वाचून सुटत नाहीत. तंत्रज्ञ जेवताना, कॉफी पिताना एकमेकांना बिघाडांचे किस्से सांगतात आणि त्यातून वाट सापडते. पुढे १९९० च्या दशकात तिथे 'युरेका' ही प्रणाली उभी राहिली. तंत्रज्ञाने टीप लिहायची, अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासायची आणि मग ती लिहिणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना मिळायची. टिपेमागे पैसे द्यावेत ही कल्पना तंत्रज्ञांनाच रुचली नाही. टिपेखाली आपलं नाव असणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं. एक धंदा, एक अडचण आणि लिहिणाऱ्याचं नाव, एवढ्यावर ती प्रणाली चालली.

चॅनेल

चॅनेल म्हणजे टूलमधली एका विषयाची जागा; तिथे लिहिलेलं आत असलेल्या सगळ्यांना दिसतं. सुरुवातीला पाच चॅनेल पुरेत. नावं विभागांची देऊ नका, कामाची द्या: 'प्रेस-हायड्रॉलिक', 'पेंट-शॉप-डिफेक्ट', 'ड्रॉइंग-बदल'. 'मेंटेनन्स-वाळूज' असं नाव दिलं की चाकणचा माणूस आत डोकावत नाही, आणि त्याने डोकवावं म्हणून तर हे सगळं चाललं आहे. पगार, तक्रारी आणि करार सोडून बाकी सगळं उघडं ठेवा.

प्रश्न उघड्यावर आणणं

इथेच मी पहिल्यांदा पूर्ण अपयशी ठरले, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझ्या पहिल्या कंपनीत सगळं नीट झालं होतं. एमडींचा संदेश, प्रत्येक प्लांटला प्रशिक्षण, टेबलावर माहितीपत्रक. दुसऱ्या आठवड्यात एका नव्या इंजिनीअरने चॅनेलवर विचारलं, की डायची हाइट सेट करताना अमुक रीडिंग का बदलतंय. प्रश्न चांगला होता. प्लांट हेडने त्याखाली सगळ्यांसमोर लिहिलं, 'हे अजून माहीत नाही? कॅबिनमध्ये या.' पुढचे सहा महिने त्या चॅनेलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कार्यक्रमांचे फोटो यापलीकडे काही आलं नाही. मी रोज आठवणीचे मेल पाठवत राहिले. त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही, कारण लोकांना सॉफ्टवेअर समजलेलं होतं. उघड विचारलं तर काय होतं, तेही त्यांना समजलं होतं.

तेव्हापासून मी चॅनेल उघडण्याआधी प्रत्येक प्लांट हेड आणि विभागप्रमुखाला समोरासमोर भेटते. मेलवर नाही, मीटिंगमध्ये नाही, एकट्याला. एकच गोष्ट मागते: चॅनेलवर 'कसं' यावर बोला, 'कुणामुळे' यावर बोलू नका. चूक कुणाची हे शोधायला तुमच्याकडे दुसरे मार्ग आहेत, ते तिथे वापरा. आणि चॅनेलवरचे प्रश्न अप्रेझलमध्ये कुणाच्या विरोधात वापरले जाणार नाहीत, हे एचआरकडून लेखी घेते. ते पत्र प्रत्येक पाळीच्या नोटीस बोर्डवर लागलं पाहिजे. हे मिळालं नाही तर मी काम सुरू करत नाही, तुम्हीही करू नका.

दुसरी गोष्ट. पहिला प्रश्न ज्युनिअरकडून मागू नका. आपल्याकडे 'सर' समोर असताना आपल्याला एखादी गोष्ट येत नाही म्हणणं सोपं नसतं, आणि चॅनेलवर सर कायमच समोर असतात. म्हणून पहिले दहा प्रश्न वरच्या लोकांनी विचारायचे, आणि ज्याचं उत्तर त्यांना खरोखर माहीत नाही असेच विचारायचे. बनावट प्रश्न शॉपफ्लोअरवर एका मिनिटात ओळखला जातो. मी त्या साहेबांशेजारी खुर्ची घेऊन बसते आणि या आठवड्यात कुठे अडलं ते विचारते. ते सांगतात, मग तेच शब्द त्यांच्याच हाताने टाइप करायला लावते. भाषा सुधारत नाही.

वाळूजच्या एका मेंटेनन्स मॅनेजरने असं लिहिलं होतं: 'दुपारच्या पाळीत तीन तासांनी प्रेसचं हायड्रॉलिक प्रेशर पडतं, तेल खूप गरम होतं, पंप बदलला तरी फरक नाही. कुणाला असं आलंय का?' अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेला माणूस. दीड तास कुणी काही बोललं नाही. मग चाकणच्या एका फिटरने फोटो टाकला: ऑइल कूलरच्या नळ्या, आतून क्षाराने पांढऱ्या झालेल्या. खाली एक ओळ, 'बोअरचं पाणी आहे का सर? आमच्याकडे हेच झालेलं, नळ्या साफ केल्या.' मॅनेजरने दुसऱ्या दिवशी कूलर उघडला, फोटो काढला आणि त्या फिटरचं नाव घेऊन लिहिलं, 'बरोबर होतं. धन्यवाद.' त्या आठवड्यात चॅनेलवर अकरा प्रश्न आले, त्यातले नऊ ऑपरेटर आणि फिटर यांचे.

शेवटच्या त्या 'बरोबर होतं' ला फार किंमत आहे. ज्याने विचारलं त्याने शेवटी काय झालं ते लिहायचंच, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. नाहीतर चॅनेल अर्धवट प्रश्नांनी भरतं आणि वर्षाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या सवयीची आहे. लोक तुम्हाला खासगीत विचारणार: 'मॅडम, जरा सांगता का?' तुम्ही तिथेच उत्तर दिलंत की मेहनत पाण्यात गेली, कारण पुढच्या वेळीही तो माणूस तिथेच येणार. मी लिहिते, 'चॅनेलवर टाका, मी तिथे लगेच बघते', आणि पाच मिनिटांत खरंच बघते. उशीर केला तर तो पुन्हा येत नाही. फारच संकोच असेल तर त्याला विचारून, त्याचं नाव न घेता, मी स्वतः प्रश्न टाकते. पण महिनाभरच, नाहीतर लोक तुम्हाला टपालपेटी समजतात. त्याला न विचारता त्याचा खासगी मेसेज कधीही पुढे पाठवू नका. एकदा विश्वास गेला की तो माणूस आणि त्याच्या पाळीतले सगळे तुमच्या हातून गेले.

व्हॉट्सअ‍ॅप आणि मेल

बंदी घालू नका. आतोस या फ्रेंच आयटी कंपनीने २०११ मध्ये तीन वर्षांत अंतर्गत मेल शून्यावर आणण्याची घोषणा केली होती. त्यासाठी २०१२ मध्ये ब्लूकिवी ही सोशल सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीही विकत घेतली. मेल कमी झाले, शून्य झाले नाहीत. आपल्याकडे पाळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप माणसाच्या हाडीमासी भिनलेला आहे; 'आज बस उशिरा येतेय' यासाठी तो उत्तम आहे. फक्त बिघाडाचं उत्तर तिथे राहू देऊ नका, कारण माणूस नोकरी सोडतो तेव्हा ते उत्तर त्याच्या फोनबरोबर जातं.

शोध: भाषेचा गुंता

परदेशी मार्गदर्शकांमध्ये हे मिळणार नाही. आपली माणसं एकच शब्द चार प्रकारे लिहितात. कुणी 'बेअरिंग', कुणी 'बेरिंग', कुणी तोच रोमन अक्षरांत, कुणी हिंदीत वाक्य सुरू करून मराठीत संपवतो. सर्चमध्ये एका स्पेलिंगने शोधलं तर बाकीची तीन उत्तरं दिसतच नाहीत, आणि लोक म्हणतात 'यात काही सापडत नाही'. भाषा एकसारखी करायला जाऊ नका. इंग्रजीची सक्ती केलीत तर ज्यांना खरी माहिती आहे तेच गप्प होतील. मशीनवर जो अ‍ॅसेट नंबर रंगवलेला असतो, तो प्रत्येक प्रश्नात जसाच्या तसा लिहायला लावा. सोबत एक फोटो. शब्द कुठलाही असो, नंबराने उत्तर सापडतं. मी तर त्या नंबराशेजारी चॅनेलचा क्यूआर कोड चिकटवते, म्हणजे टाइप करायचीही गरज उरत नाही. स्टिकरवर तेल उडतं, म्हणून ते लॅमिनेटेड घ्या आणि दर तीन महिन्यांनी बदला.

विकी

चॅनेलवरचं उत्तर वाहून जातं. म्हणून विकी हवी, म्हणजे कुणालाही लिहिता आणि बदलता येतील अशी पानं. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली, तेव्हा नाव घेतलं होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. तेवढंच झटपट ठेवा. दर शुक्रवारी अर्धा तास, त्या आठवड्यात सुटलेले तीन प्रश्न, प्रत्येकाला एक पान: लक्षण, कारण, उपाय, कुणी सोडवलं. मंजुरीची साखळी लावू नका. जिथे जिवाला धोका आहे, म्हणजे वीज, दाब, उंचीवरचं काम, तिथे मात्र सेफ्टीच्या माणसाने तपासल्याशिवाय पान उघडायचं नाही. यात सूट नाही.

मोजायचं काय

लाइक आणि पोस्ट मोजू नका. किती प्रश्नांना उत्तर मिळालं, किती तासांत, आणि उत्तर दुसऱ्या प्लांटमधून आलं का, एवढंच बघा. नुसतं वाचणाऱ्यांची काळजी करू नका. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सनने २००६ मध्येच ढोबळमानाने मांडलं होतं की अशा ठिकाणी शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एकजण बहुतेक सगळं लिहितो. रात्री अडीच वाजता जुनं उत्तर वाचून प्रेस सुरू करणारा ऑपरेटर त्या नव्वदांतला असतो, आणि त्याच्यासाठीच हे सगळं आहे.

पॉइंट, बॅज, 'महिन्याचा सर्वोत्तम सहभाग' यांना माझा ठाम विरोध आहे. पॉइंट ठेवले की मोजणी वाढते आणि उत्तरं पातळ होतात. त्याऐवजी प्लांट हेडने लाइनवर जाऊन त्या फिटरला सांगावं, की तुझ्या उत्तराने आमचा एक दिवस वाचला.

दरवर्षीचं एक काम

सगळा डेटा बाहेर काढून ठेवा. कंपन्यांसाठीचं असंच एक टूल, फेसबुकचं वर्कप्लेस, २०१६ मध्ये मोठ्या गाजावाजात आलं, आणि मेटाने, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीने, २०२४ मध्ये ते बंद करण्याची घोषणा केली. मायक्रोसॉफ्टचं यामर २०२३ पर्यंत त्यांच्याच व्हिवा एंगेज या टूलमध्ये विरून गेलं. तुमचं टूलही कधीतरी बदलेल. मी मार्चमध्ये, ऑडिटच्या धांदलीआधी, एक्स्पोर्ट घेते आणि नुसती फाइल साठवून थांबत नाही. त्यातून एक जुना प्रश्न अ‍ॅसेट नंबराने शोधते, त्याचा फोटो उघडतो का बघते, उत्तर देणाऱ्याचं नाव दिसतं का बघते. गेल्या वर्षी मजकूर आला होता, फोटो आले नव्हते. कूलरच्या त्या पांढऱ्या नळ्या दिसत नसतील तर त्या उत्तरात उरलं काय? आयटीला बसवून एक्स्पोर्ट पुन्हा काढून घेतला.