बोरॉनवर काम सुरू करणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एकच पदार्थ तीनदा कॉलममधून (शुद्धीकरणासाठी सिलिका भरलेल्या नळीतून) काढला. साधं अरिल बोरॉनिक आम्ल होतं, म्हणजे बेंझीनसारख्या कड्याला बोरॉन आणि त्या बोरॉनवर दोन ओएच. ब्रोमाइड घेतलं, उणे ७८ अंशांवर ब्युटाइल लिथियम सोडलं, मग ट्रायआयसोप्रोपाइल बोरेट, शेवटी आम्ल. छान पांढरी पावडर मिळाली. एनएमआर (रेणूतले अणू कुठे कसे बसलेत ते दाखवणारा स्पेक्ट्रम) काढला, तर मोठ्या पीक्सच्या शेजारी लहान पीक्सचा आणखी एक संच. अशुद्धी असणार म्हणून कॉलम. पुन्हा तेच. दर वेळी माल कमी होत होता, पीक्स मात्र जागच्या जागी. तिसऱ्या खेपेला शेजारच्या बाकावरची सीनियर ताई म्हणाली, "अगं, ट्यूबमध्ये थेंबभर जड पाणी टाक आणि परत लाव." लावलं, आणि दुसरा संच गायब!

झालं असं होतं की पावडर व्हॅक्यूमखाली सुकवताना बोरॉनिक आम्लाचे तीन रेणू तीन पाणी सोडून एकत्र आले होते आणि सहा अणूंचं कडं तयार झालं होतं, म्हणजे बोरॉक्सिन. पाणी मिळालं की ते परत उलगडतं. अशुद्धी नव्हतीच. पण याचा हिशोबावर परिणाम होतो. फिनाइल बोरॉनिक आम्लाचा रेणूभार सुमारे १२२. बोरॉक्सिनमध्ये दर बोरॉनमागे तो १०४ भरतो. बाटलीतलं सगळं आम्लच आहे असं धरून वजन केलंत तर बोरॉन १७ टक्क्यांपर्यंत जास्त पडू शकतो. सुझुकी कपलिंगमध्ये (बोरॉनिक आम्ल वापरून दोन कार्बन जोडण्याच्या अभिक्रियेत) हे चालून जातं, कारण बोरॉनिक आम्ल बहुधा थोडं जास्तच घेतात. पण गतिकीचा, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाचा, अभ्यास करत असाल तर आकडे चुकतील. अशा ठिकाणी मी सरळ पिनॅकॉल एस्टर वापरते, त्याचं असं बोरॉक्सिन होत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बोरॉनकडे बाहेरच्या कक्षेत तीनच इलेक्ट्रॉन. तीन बंध केले तरी भोवती सहाच होतात आणि एक कक्षक रिकामा राहतो. मग पाण्यातला ऑक्सिजन असो, फ्लोराइड असो, अमाइन असो, ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनची जोडी आहे त्याच्याकडे त्याचं लक्ष. टीएलसीवर (सिलिकाचा थर दिलेल्या तपासणीच्या पट्टीवर) बोरॉनिक आम्लाचा गोल ठिपका न पडता लांब शेपूट उमटतं, त्यातही सिलिकावरच्या ऑक्सिजनचा हात असतो. म्हणून आता मी बोरॉनिक आम्लाला कॉलम दाखवतच नाही. जमेल तिथे स्फटिकीकरण करते.

नवख्याला सगळ्यात जास्त छळतं ते हे, की बोरॉन आपल्या यंत्रांना सरळ दिसत नाही. कार्बन-१३ च्या एनएमआर स्पेक्ट्रममध्ये बोरॉनला चिकटलेल्या कार्बनचं पीक बऱ्याचदा सापडतच नाही. बोरॉनचं केंद्रक चतुर्ध्रुवी आहे (त्याचा विद्युतभार गोलाकार पसरलेला नाही), त्यामुळे शेजारच्या कार्बनचं पीक पसरून नॉइझमध्ये बुडतं. मी त्या एका कार्बनसाठी रात्रभर स्कॅन लावले होते. तुम्ही लावू नका. 'बोरॉनला जोडलेला कार्बन दिसला नाही' असं प्रबंधात सरळ लिहितात, त्यात लाज नाही.

बोरॉन-११ चा एनएमआर मात्र जरूर काढा. अरिल बोरॉनिक आम्ल आणि त्याचे एस्टर साधारण ३० पीपीएमच्या (एनएमआरच्या मोजपट्टीवरचं एकक) आसपास येतात, बोरिक आम्ल २० च्या आसपास, आणि चार बंधांचे बोरेट बहुतेक १० च्या खाली. २० जवळ अणकुचीदार पीक वाढताना दिसलं तर कार्बन-बोरॉन बंध तुटतोय असा संशय घ्या. त्याच स्पेक्ट्रममध्ये शून्याभोवती एक रुंद उंचवटाही दिसेल. तो तुमच्या पदार्थाचा नसतो. ट्यूबची काचच बोरोसिलिकेट! क्वार्ट्झची ट्यूब वापरली की तो बराच बसतो. उरलेला बहुधा प्रोबमधून येतो. क्वार्ट्झ नसेल तर नुसत्या सॉल्व्हंटचा स्पेक्ट्रम काढून वजा करा.

रेणूचं वजन दाखवणारा मास स्पेक्ट्रम मात्र इथे मदतीला येतो. निसर्गात बोरॉन-१० सुमारे २० टक्के आणि बोरॉन-११ सुमारे ८० टक्के, म्हणून मुख्य पीकच्या एक एकक आधी पाव उंचीचं पीक दिसतं. दोन बोरॉन असतील तर ते निम्म्या उंचीचं होतं. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की विसरत नाही.

मटेरियल सायन्सकडे जाणाऱ्यांची तऱ्हा वेगळी, त्रास तोच. बोरॉन हलका, त्यामुळे क्ष-किरण विवर्तनात जड शेजाऱ्यांपुढे तो झाकोळतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या ईडीएसमध्ये (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रात) त्याची रेषा जेमतेम १८३ इलेक्ट्रॉनव्होल्टला, वाटेतच शोषली जाण्याइतकी मऊ. मग न्यूट्रॉनकडे वळावं, तर बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळून टाकतो. म्हणून न्यूट्रॉन विवर्तनासाठी नमुना बोरॉन-११ वापरून बनवावा लागतो, आणि तो महाग पडतो. याच भुकेमुळे बोरॉन कार्बाइड अणुभट्टीच्या नियंत्रक दांड्यांत वापरतात. आयसीपीने (द्रावणातली मूलद्रव्यं प्लाझ्मात मोजणाऱ्या यंत्राने) बोरॉन मोजणार असाल तर द्रावणं प्लास्टिकच्या भांड्यांत करा. काचेतून झिरपलेला बोरॉन मोजून त्यावर पेपर लिहायला बसलेला एक जण मला माहीत आहे.

वाचायला काय घ्यायचं हे अनेक जण विचारतात. लिप्सकोम (बोरेनची रचना, नोबेल १९७६), ब्राउन (हायड्रोबोरेशन, १९७९) आणि सुझुकी (कपलिंग, २०१०), या तिघांच्या कामामागचं रसायनशास्त्र समजलं की क्षेत्राचा नकाशा डोक्यात बसतो. वेडचे नियम (इलेक्ट्रॉन मोजून बोरॉनच्या क्लस्टरचा, म्हणजे पिंजऱ्यासारख्या रेणूचा, आकार सांगणारे) मात्र क्लस्टर हातात येईपर्यंत पाठ करू नका.

बोरॉन ट्रायब्रोमाइड या घातक द्रवाबद्दल मी कडक बोलते. फ्युम हूडबाहेर बाटली काढायची नाही. वापरलेली सिरिंज सिंकमध्ये धुवायची नाही, कारण पाण्याशी ते भडकून उसळतं. काम संपल्यावर उरलेलं ते बर्फात गार केलेल्या मेथॅनॉलमध्ये थेंब थेंब सोडायचं, घाई न करता.

तीनदा कॉलम झालेली ती बाटली अजून माझ्या फ्रिजमध्ये आहे. तिच्यावर लिहिलंय: 'आम्ल + बोरॉक्सिन, प्रमाण मोजून वापरा.'