घरात जीएम कुठं आहे ते कसं शोधायचं (वांगी फेकून न देता)

परवा फॅमिली ग्रुपवर मावशीने व्हिडिओ टाकला, चकचकीत जांभळी वांगी, मागे भीतीदायक म्युझिक आणि खाली लाल अक्षरात "जीएम वांगी, कॅन्सर". जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेलं. त्या दिवशी तिच्याकडे भरल्या वांग्यांचा बेत होता, मसाला वाटून झालेला, तरी तिनं अर्धा किलो वांगी कचऱ्यात टाकली. मग मी फोनवर तिला पाऊण तास जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवतेय, दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हेच विचारतंच.

सगळ्यात आधी डोक्यातली यादी साफ करा. आपल्या देशात आजवर शेतात लावायला रीतसर मंजुरी मिळून सर्रास पेरलं जाणारं जीएम पीक एकच, बीटी कापूस, तो २००२ पासून. बीटी वांगं तयार झालं होतं, आपल्या जालन्याच्या महिको कंपनीचंच, पण फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात ते पिकतं, आपल्याकडे मंजुरी नाही. चोरून लावल्याच्या बातम्या आल्यात, २०१९ ला हरियाणात तसं प्रकरण निघालं होतं, म्हणून शंभर टक्के गॅरंटी मी देत नाही, पण मंडईतलं प्रत्येक चकचकीत वांगं जीएम हे निव्वळ गॉसिप. जीएम मोहरीचं पण कोर्टात अडकलंय, २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन जजचं त्यावर एकमत झालं नाही.

मग तैवान पपई, बिनबियांची द्राक्षं, स्वीट कॉर्न, लांबडे टोमॅटो? यातलं आपल्याकडे पिकणारं काही जीएम नाही. काही हायब्रीड, काही नुसत्या निवडलेल्या जाती. हायब्रीड म्हणजे काय ते मी लहानपणापासून बघितलंय, माझं माहेर देऊळगाव राजाकडचं, तिकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे सीड प्लॉट असतात. बायका हातात चिमटा घेऊन टोमॅटोची मिटलेली कळी उघडतात, आतले पुंकेसर अलगद काढून टाकतात, मग दुसऱ्या जातीचा पराग त्या फुलाला लावतात आणि खूण म्हणून फुलाखालचं हिरवं दल खुडतात. दिवसभर मान खाली, संध्याकाळी बोटं पिवळी. हे झालं हायब्रीड, आई-बाप वेगळ्या जातीचे पण दोघं टोमॅटोच. जीएम म्हणजे दुसऱ्याच जिवाचा जीन लॅबमध्ये पिकात घालायचा, जसा बीटी कापसात मातीतल्या बीटी नावाच्या एका बॅक्टेरियाचा घातलाय, त्याने जे प्रोटीन बनतं ते अळीच्या पोटात गेलं की अळी मरते. गंमत म्हणजे त्याच बॅक्टेरियाची पावडर सेंद्रिय शेतीत फवारायला चालते.

आता खरी शोधाशोध, त्यासाठी फ्रिज नाही, तेलाचा डबा बघायचा. पुडा पालथा करा आणि बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून. सोयाबीन तेल असेल तर त्यात जीएम सोयाबीनचं तेल असायची दाट शक्यता आहे, आपल्या लातूर-वाशिमचं सोयाबीन जीएम नसतं पण तेल पुरत नाही म्हणून अर्जेंटिना-ब्राझीलवरून कच्चं तेल येतं आणि तिकडचं जवळपास सगळं सोयाबीन जीएमच. कॅनोला कॅनडाचं असेल तर तेही तसंच. सरकीचं तेल म्हणजे कापसाच्या बियांचं, ते आलंच. फरसाण, चिवडा, बिस्किटांवर नुसतं "एडिबल व्हेजिटेबल ऑइल" लिहून पुढे कंसात नावं असतात, तिथं सरकी किंवा सोयाबीन दिसेल. मिक्स तेल असेल तर कुठलं किती टक्के ते पुड्यावर छापावं लागतं. ज्यांना हे नकोच असेल त्यांनी शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल यातलं काहीही घ्या, यातलं आपल्याकडे कुठलंच जीएम नाही.

पण घाबरून डबा गटारीत ओतू नका. रिफाइंड तेलात प्रोटीन जवळपास उरतच नाही, आणि सरकी तर आपण वीस वर्षं खातोय, तेलातून आणि म्हशीच्या पेंडीतून पण. २०२१ ला कोंबड्यांसाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली होती, तेव्हा आमच्याकडचे शेतकरी चिडले ते भाव पडतील म्हणून. जीएम मका खाल्लेल्या कोंबडीचं अंडं जीएम होत नाही, आपण पालक खाऊन हिरवे होत नाही तसंच.

लेबलचं सांगते. पाकिटात जीएम असेल तर वरच्या बाजूला तसं लिहायचा नियम २०१३ मध्ये आला, मला किराणा दुकानात असं पाकीट अजून दिसलेलं नाही. अमेरिकेहून कुणी खाऊ आणला तर त्यावर "बायोइंजिनिअर्ड" शब्द शोधा, तिकडे २०२२ पासून तसं जाहीर करणं सक्तीचं आहे. सफरचंदावरच्या स्टिकरचा नंबर ८ ने सुरू झाला की जीएम, हा मेसेज खोटा आहे, तसे नंबर दुकानात वापरातच आले नाहीत. ९ ने सुरू होणारा पाच आकडी नंबर मात्र सेंद्रियचा असतो. आपल्याकडे सेंद्रिय म्हणून जास्त पैसे देणार असाल तर जैविक भारतचा लोगो बघा, आणि पीजीएस-ग्रीन लिहिलं असेल तर ते शेत अजून सेंद्रिय व्हायच्या वाटेवर आहे, पूर्ण झालेलं नाही.

आता मला जे बोलायचंय ते. मावशीला जीएमची भीती वाटते, मला फवाऱ्याची वाटते. वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी येते, ती एकदा आत घुसली की वरून कितीही मारा, तिला काही होत नाही, म्हणून लोक ती घुसायच्या आधीच मारत बसतात. आमच्याच घरी सांगते, वांग्याचा तोडा दर चार-पाच दिवसांनी असतो आणि भाव चांगला असला की काका आदल्या दिवशी फवारून दुसऱ्या दिवशी तोडायचे, आणि विहिरीजवळची एक ओळ तशीच सोडायचे, ती घरच्यासाठी. तेव्हा आम्हाला ते आमच्या काळजीपोटी केलेलं वाटायचं, विकायची वांगी कोण खातं हा प्रश्न कधी पडला नाही. २०१७ ला यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, ती बीटी खाऊन गेली नाहीत. कापूस बीटीच होता, तरी फवारे सुटले नव्हते.

तेव्हा भाजी घरी आली की एवढं करा. आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, नुसतं बुडवून काढू नका. मग पातेल्यात दोन लिटर पाण्याला दोन मोठे चमचे खायचा सोडा टाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, परत धुवा. कोबीची वरची तीन-चार पानं काढून टाका, कोथिंबीर देठं मोकळी करून धुवा. द्राक्षावर पांढरी पावडर दिसली की लगेच औषध समजू नका, फळाचा स्वतःचा मेणासारखा थर पण तसाच दिसतो, धुवायची मात्र दोन्ही केसमध्ये. जे औषध झाडाच्या आत शोषलं जातं ते धुवून जात नाही, तिथं सोड्याचा उपयोग नाही. आणि किडकं वांगं म्हणजे बिनफवाऱ्याचं हे पण डोक्यातून काढा, भरपूर मारूनही किडकं निघतं.

म्हणून एकच सवय लावा, थेट शेतातून आणणारा भाजीवाला धरा आणि त्याला "ऑरगॅनिक आहे का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "दादा, शेवटचा फवारा कधी मारला, आणि तोडा कधी केला?" जो क्षणभर थांबून दिवस मोजायला लागतो त्याच्याकडून घ्या. आमचा बुधवारचा भाजीवाला परवा म्हणाला, "ताई, वांगी आज नका घेऊ, शनिवारी या." मावशीला तोच नंबर दिलाय.