एक्सएमएलमध्ये एस्केपिंग करताना या चुका टाळा

एक्सएमएल म्हणजे मजकूर टॅगांत बांधून साठवायची पद्धत. त्यात & आणि < अशा चिन्हांना खास अर्थ असतो, म्हणून मजकुरात ती सांकेतिक रूपात लिहावी लागतात; यालाच एस्केपिंग म्हणतात. सगळ्यात जास्त वेळ खाते ती दुहेरी एस्केपिंगची चूक. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका छापखान्याच्या दिवाळी अंकाचं ई-बुक मी करत होतो. जाहिरातींत '& सन्स' जागोजागी. पहिल्या प्रुफात प्रत्येक दुकानाच्या नावात &#38; असा कचरा उमटला. कारण साधं होतं: मदतीला असलेल्या मुलाने मजकूर आत घेतानाच & सांकेतिक रूपात बदलून ठेवला होता, आणि स्टाइलशीटने (मजकुराला ई-बुकचं रूप देणाऱ्या, एक्सएसएलटी भाषेतल्या स्क्रिप्टने) बाहेर लिहिताना तो नियमाप्रमाणे पुन्हा एस्केप केला. वाचणाऱ्या प्रोग्रामने एकच थर उतरवला, दुसरा तसाच राहिला.

मुलाला घाई. मूळ न शोधता त्याने डिसेबल-आउटपुट-एस्केपिंग, म्हणजे बाहेर लिहिताना एस्केप न करण्याची सोय, चालू केलं. नावं सुधारली, तो खूश. दोन दिवसांनी एका फरसाणवाल्याची जाहिरात आली: 'वजन < ५ किलो असल्यास घरपोच नाही'. ते चिन्ह उघडंच बाहेर पडलं, पार्सरला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला, टॅग वाटला आणि अख्खं प्रकरण उघडेना. ऐन वसुबारसेला आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो. ही पळवाट एक्सएसएलटीच्या २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीनेच कालबाह्य ठरवली आहे, तरी नवी मुलं आधी तिलाच हात घालतात. मला याचा खरंच राग येतो. मी आतला मजकूर कोराच ठेवतो, & म्हणजे &. एस्केपिंग फक्त बाहेर पडताना, एकदाच, आणि तेही सीरियलायझरने, म्हणजे फाइल लिहिणाऱ्या प्रोग्रामने, करायचं.

हाताने बदलायची वेळ आलीच तर आधी &, मग बाकीची चिन्हं.

सीडेटात, म्हणजे मजकूर एस्केप न करता जसाच्या तसा ठेवायच्या एक्सएमएलच्या कप्प्यात, गुंडाळलं की सुटलो, असं नाही. मजकुरात ]]> आलं की तो कप्पा तिथेच संपतो.

एनबीएसपी (जिथे ओळ तुटत नाही अशी मोकळी जागा) हे नाव एचटीएमएलचं, म्हणजे वेबपानांच्या भाषेचं. एक्सएमएलला मुळात चिन्हांची पाचच नावं ठाऊक, म्हणून &#160; लिहा.

आणि 'अदृश्य अक्षरं साफ करा' असली स्क्रिप्ट मराठीवर आंधळेपणाने चालवू नका. बऱ्याच मजकुरात 'दऱ्या' हा शब्द र, हलन्त, झीरो-विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं न दिसणारं चिन्ह) आणि या असा साठवलेला असतो. जॉइनर गेला की 'दर्या' उरतो, म्हणजे दरीचा समुद्र झाला. पार्सर तक्रार करत नाही, त्यामुळे चूक थेट वाचकापर्यंत जाते. तो जॉइनर मी &#8205; असा डोळ्यांना दिसेल असा लिहून ठेवतो.

माझ्याकडे एक ओळीची फाइल आहे: & < > " ' दऱ्या. नवी स्क्रिप्ट आली की आधी ती ओळ आत-बाहेर करून बघतो, मग अंकाला हात लावतो.